आरोग्य विम्याचा सभासद : हक्क आणि कर्तव्ये



आजच्या व्याख्यानासाठी संस्थेने माझी निवड केली याबद्दल मी कार्यकारिणीचा आभारी आहे. मी डॉक्टर नाही, वकील नाही आणि विमा कंपनीचा अधिकारीही नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत कारकून म्हणून नोकरी करतो. परंतु काउंटरवर बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट वरचेवर पाहावी लागते. घरात मोठे आजारपण आले की मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडली जाते, मंगळसूत्र तारण पडते, आणि तेवढ्यानेही भागले नाही की माणूस खाजगी सावकाराच्या दारात उभा राहतो. एका पिढीने शिकून, नोकरी करून जे उभे केले ते पंधरा दिवसांच्या इस्पितळात संपून जाते. ही वेळ अनेक घरांवर पैसा नसल्यामुळे येते हे खरे. पण हातात विम्याचे कार्ड असूनही ते कसे वापरायचे हे ठाऊक नसल्यामुळे ती येते, तेव्हा अधिक वाईट वाटते. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला.

आपण सर्वजण या संस्थेचे सभासद आहोत. सभासद या शब्दाचा अर्थ आपल्याला कोणी शिकवायला नको. सभासद वर्गणी भरतो, सभेला येतो, हिशेब मागतो, चुकीचे दिसले तर उठून विचारतो, आणि नियमही पाळतो. आरोग्य विम्यातही हेच आहे. विमा घेणारा माणूस हा एका मोठ्या सामाईक निधीचा सभासद असतो. निरोगी माणसांच्या हप्त्यांतून आजाऱ्याचे बिल भरले जाते. आज मी भरतो, उद्या कदाचित मला लागेल. सबब, दावा मिळणे म्हणजे कंपनीची मेहेरबानी नव्हे, आणि निधीत खोटेपणा करणे म्हणजे कंपनीला फसवणेही नव्हे. ते आपल्याच शेजाऱ्याला फसवणे आहे. हक्क आणि कर्तव्य या दोन्ही गोष्टी या एकाच मुळातून निघतात.

थोडा इतिहास

आपल्या देशात कामगारांच्या आरोग्य विम्याची पायाभरणी झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४२ ते १९४६ हा तो काळ. मार्च १९४३ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी अहवाल सादर केला. त्याच धाग्यातून पुढे कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना प्रत्यक्ष सुरू झाली. या योजनेचे तत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे. कामगारही वाटा भरतो आणि मालकही भरतो. स्वतःचा वाटा भरणारा कामगार दवाखान्याच्या दारात याचक म्हणून उभा राहत नाही, हक्कदार म्हणून उभा राहतो.

मध्यमवर्गीयांना ज्याची ओळख आहे ती ‘मेडिक्लेम’ पॉलिसी सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये आणली. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण स्थापन झाले आणि खाजगी कंपन्या या क्षेत्रात आल्या. आज नियम पुष्कळ आहेत, आणि त्यातले बरेच आपल्या बाजूचे आहेत. पण नियम स्वतः चालत आपल्या घरी येत नाहीत.

आपण नेमके कशाचे सभासद आहोत?

पहिली पायरी म्हणजे आपल्याकडे कोणता विमा आहे हे ओळखणे.

(१) कर्मचारी राज्य विमा. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगारांसाठी ही मर्यादा जानेवारी २०१७ पासून ठरविण्यात आली. जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के असा आहे. १९४८ चा कायदा नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला, तरी योजना चालूच आहे. कामगाराला व त्याच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतात. शिवाय कामगार आजारपणामुळे घरी बसला तर अटी पूर्ण केल्यावर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कमही मिळते. आपल्या वस्तीतील किती तरी मुले ठेकेदाराकडे सुरक्षारक्षक, सफाई कामगार, मदतनीस म्हणून कामाला आहेत. पगारपत्रकात विम्याची कपात दिसते, पण स्वतःचा विमा क्रमांक विचारला तर सांगता येत नाही. मित्रहो, कपात होत असेल तर क्रमांक मागणे हा तुमचा हक्क आहे. ठेकेदाराने भरणा केला नाही तर मूळ मालकावर जबाबदारी येते, हेही ध्यानात ठेवावे.

(२) महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना २०१३ मध्ये राज्यभर गेली व २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. पुढे ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. पूर्वी ती ठरावीक शिधापत्रिकाधारकांपुरती होती. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू झाली असून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. मात्र योजनेच्या यादीतील उपचार आणि यादीतील रुग्णालय या दोन्ही अटी पाहाव्या लागतात. रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. दाखल होताना प्रथम त्याला भेटावे. यादीतील उपचारासाठी पैसे मागितले तर १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करता येते. याशिवाय ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील ज्येष्ठांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळते. इथे बसलेल्या किती ज्येष्ठांनी ते काढले आहे?

(३) नोकरीच्या ठिकाणचा समूह विमा. आमच्या बँक कर्मचाऱ्यांचेच उदाहरण देतो. २०१५ च्या दहाव्या द्विपक्षीय करारानंतर लिपिक व शिपाई वर्गाला तीन लाखांचा आणि अधिकाऱ्यांना चार लाखांचा समूह विमा लागू झाला. असा विमा सोयीचा असतो, पण तो नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सुटली की तो सुटतो. अशा वेळी त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, आणि ती विचारणा नोकरी सोडण्यापूर्वी करावी.

(४) स्वतः विकत घेतलेली वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसी.

इथे एक गैरसमज दूर करतो. बँकेच्या पासबुकात दरवर्षी ४३६ रुपये आणि २० रुपये अशा दोन कपाती अनेकांना दिसतात. ‘साहेब, आमचा विमा आहे ना, मग इस्पितळाचे बिल मिळेल ना?’ असे खातेदार विचारतात. उत्तर नाही असे आहे. ४३६ रुपयांची जीवन ज्योती योजना मृत्यूनंतर वारसाला दोन लाख देते. २० रुपयांची सुरक्षा योजना अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वासाठी आहे. दोन्ही चांगल्या आहेत, जरूर चालू ठेवाव्यात. पण टायफॉइड किंवा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे बिल त्यांतून मिळत नाही. तसेच कर्ज घेताना कोणी विमा पॉलिसी पुढे केली तर ती कसली आहे हे विचारल्याशिवाय सही करू नये.

सभासदाचे हक्क

पॉलिसी विकत घेतलेल्या सभासदाचे मुख्य हक्क आता क्रमाने सांगतो. यातील बहुतेक विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांत व परिपत्रकात आहेत.

पहिला, माहितीचा हक्क. कंपनीने पॉलिसीबरोबर एक सोपे माहितीपत्रक दिले पाहिजे. त्यात विमा रक्कम, काय मिळेल, काय मिळणार नाही, प्रतीक्षा कालावधी किती, दावा कसा करायचा, तक्रार कोठे करायची हे लिहिलेले असते. मागणी केल्यास ते आपल्या भाषेत मिळते. आपण मराठीत मागितले पाहिजे.

दुसरा, विचार बदलण्याचा हक्क. पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती वाचून पसंत नसेल तर परत करता येते. काही वजावट करून हप्ता परत मिळतो. हे तीस दिवस वाचण्यासाठी दिलेले आहेत, कपाटात ठेवण्यासाठी नव्हेत.

तिसरा, जुन्या आजाराबाबतचा हक्क. पॉलिसीपूर्वी असलेल्या मधुमेह, रक्तदाब अशा आजारांसाठी कंपनी प्रतीक्षा कालावधी ठेवू शकते, पण आता तो ३६ महिन्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती. तसेच पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की, ‘तुम्ही अमुक आजार सांगितला नव्हता’ या कारणाने दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच अपवाद.

चौथा, नूतनीकरणाचा हक्क. मागील वर्षी तुम्ही दावा केला या कारणाने कंपनी पुढील वर्षी पॉलिसी नाकारू शकत नाही. कंपनीची सेवा पसंत नसेल तर दुसऱ्या कंपनीकडे जाता येते आणि प्रतीक्षा कालावधीतील पूर्ण झालेले महिने सोबत नेता येतात. त्यासाठी मुदत संपण्याच्या दीड-दोन महिने आधी अर्ज करावा.

पाचवा, वेळेचा हक्क. रोकडरहित उपचाराच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो. घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते आणि कंपनीच्या उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची असते.

सहावा, कारण जाणून घेण्याचा हक्क. दावा पूर्ण किंवा अंशतः नाकारला तर पॉलिसीतील कोणत्या कलमाखाली नाकारला हे लेखी कळविले पाहिजे. ‘वरून नामंजूर झाला’ हे उत्तर ऐकून घरी येऊ नये.

सभासदाची कर्तव्ये

बंधुभगिनींनो, हक्कांची यादी ऐकताना बरे वाटते. आता दुसरी बाजू ऐकावी.

पहिले व सर्वांत मोठे कर्तव्य खरे सांगण्याचे. विमा करार परस्परांच्या पूर्ण विश्वासावर उभा असतो. प्रस्ताव अर्जात आजार, औषधे, शस्त्रक्रिया, तंबाखू-सिगारेटची सवय यांविषयी प्रश्न असतात. एजंट म्हणतो, ‘सगळीकडे नाही लिहा, लवकर पास होईल.’ एजंटला पॉलिसी काढायची असते. दावा मात्र आपल्याला करायचा असतो. सर्वोच्च न्यायालयापुढील दोन निकाल या बाबतीत पाहण्यासारखे आहेत. २००९ च्या निकालातील रुग्णाला मूत्रपिंडाचा गंभीर विकार होता आणि तो प्रस्ताव अर्जात सांगितलेला नव्हता. न्यायालयाने दावा नाकारणाऱ्या कंपनीची बाजू मान्य केली. २०२१ च्या निकालात परदेश प्रवासाची वैद्यकीय पॉलिसी घेतलेल्या गृहस्थांनी आपला मधुमेह आधीच सांगितला होता. अमेरिकेत त्यांना हृदयविकार झाला व कंपनीने दावा नाकारला. न्यायालयाने सांगितले की, सांगितलेली प्रकृती विचारात घेऊन एकदा पॉलिसी दिल्यावर त्याच आजाराकडे बोट दाखवून दावा नाकारता येणार नाही. जे सांगितले ते पुढे आपले रक्षण करते आणि जे लपवले ते नेमके गरजेच्या दिवशी बाहेर येते. म्हणून कोऱ्या अर्जावर सही करू नये, आणि भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवावी.

दुसरे कर्तव्य हप्त्याची तारीख पाळण्याचे. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत मिळते. ती उलटली की प्रतीक्षा कालावधीत पूर्ण झालेली सर्व वर्षे पाण्यात जाऊ शकतात. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के कर माफ झाला आहे. तो वाचलेला पैसा विमा रक्कम वाढविण्याकडे वळवावा असे मला वाटते.

तिसरे कर्तव्य पॉलिसी वाचण्याचे. एक हिशेब मांडतो. समजा विमा रक्कम तीन लाख आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज ३,००० रुपये आहे. रुग्णाला नातेवाइकांनी ६,००० रुपयांच्या खोलीत ठेवले. पाच दिवसांचे भाडे ३०,०००, शस्त्रक्रिया, डॉक्टर व परिचर्या ८०,०००, औषधे व तपासण्या ५०,०००. एकूण बिल १,६०,००० रुपये. विमा रकमेच्या आत आहे, मग पूर्ण मिळेल असे वाटते. परंतु खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची घेतल्याने अनेक पॉलिसींत भाड्याबरोबर डॉक्टर व शस्त्रक्रियेचा खर्चही निम्माच धरला जातो, कारण रुग्णालये हे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढवितात. औषधे व तपासण्यांना ही कपात लावता येत नाही. म्हणजे १५,००० अधिक ४०,००० अधिक ५०,०००, मिळाले १,०५,०००. उरलेले ५५,००० रुपये खिशातून गेले. एक ओळ वाचली असती तर हा भार टळला असता.

चौथे कर्तव्य कळविण्याचे व कागद जपण्याचे. बहुतेक पॉलिसींत ठरलेल्या शस्त्रक्रियेची सूचना दोन दिवस आधी आणि तातडीच्या भरतीची सूचना चोवीस तासांत द्यावी असे म्हटलेले असते. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले, पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तपासणीचे अहवाल हे सर्व एका फाइलमध्ये ठेवावे व प्रती काढूनच मूळ कागद द्यावेत. आणि ती फाइल घरात कोठे आहे हे पत्नीला, मुलांना ठाऊक असावे. घरातला कर्ता पुरुष अतिदक्षता विभागात आहे आणि पॉलिसीचा क्रमांक त्याच्या एकट्याच्याच डोक्यात आहे, ही अवस्था कोणावर येऊ नये.

पाचवे कर्तव्य प्रामाणिकपणाचे. दुसऱ्याच्या कार्डावर उपचार, खोटी बिले, गरज नसताना केवळ विमा आहे म्हणून दाखल होणे, हे प्रकार टाळावेत. ‘विमा आहे ना, मग काळजी कशाला?’ असे रुग्णालयाने म्हटले तरी बिल तपासून पाहावे. त्या बिलाने आपलीच वर्षभराची रक्कम संपते, आणि पुढे सर्वांचा हप्ता वाढतो.

वाद झाला तर

दावा चुकीने नाकारला असे वाटले तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी व पोच घ्यावी. नियामक प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ या व्यवस्थेत, १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. कंपनीने तक्रार फेटाळली, उत्तर समाधानकारक नसले किंवा एक महिना उत्तरच आले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व ठाणे येथे ही कार्यालये आहेत. तेथे फी नाही, वकील लागत नाही, साध्या अर्जावर काम होते. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. २०२३ पासून लोकपाल ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देऊ शकतात. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो. ग्राहक आयोगाकडे वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते.

आपल्यापैकी अनेकांना अर्ज लिहायचा म्हटले की संकोच वाटतो. साहेब रागावतील, आपले इंग्रजी कच्चे आहे, आपण कोण त्यांना विचारणारे, असे मनात येते. हा संकोच सोडला पाहिजे. अर्ज मराठीत लिहावा. तारीख, पॉलिसी क्रमांक, घडलेली हकीकत आणि आपली मागणी या चार गोष्टी स्पष्ट असल्या की पुरे.

विमा म्हणजे सर्व काही नव्हे

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर माझे बोलणे अपुरे राहील. विमा बिल भरतो, पण तो डॉक्टर निर्माण करीत नाही. रोजच्या गोळ्या, बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या यांचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही. मधुमेहाच्या रुग्णाला दरमहा लागणारे औषध त्याच्या खिशातूनच जाते. म्हणून विम्याचे कार्ड मिळाले म्हणून सरकारी दवाखान्याकडे पाठ फिरवू नये. तो नीट चालावा, तेथे औषध मिळावे, ही मागणी करीत राहणे हेही नागरिकाचे कर्तव्य आहे. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा सवलतीच्या दरात राखीव असतात, याचीही माहिती ठेवावी.

विद्यार्थ्यांना आणि संस्थेला विनंती

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या हातात मोबाइल आहे, तुम्हाला अर्ज भरता येतो. या आठवड्यात एक काम करा. आपल्या घरात कोणता विमा आहे, रक्कम किती, मुदत कधी संपते, जवळचे यादीतील रुग्णालय कोणते, हे एका कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा. मग शेजारच्या आजी-आजोबांचे तेवढेच करून द्या. वडील ठेकेदाराकडे असतील तर त्यांचा विमा क्रमांक शोधून काढा.

संस्थेला माझी सूचना अशी आहे की, महिन्यातील एका रविवारी सभागृहात एक टेबल मांडावे. दोन पदवीधर तरुण आणि एक सेवानिवृत्त कर्मचारी एवढे मनुष्यबळ पुरेसे आहे. कार्ड काढणे, अर्ज भरणे, नाकारलेल्या दाव्याची तक्रार लिहून देणे एवढेच काम तेथे व्हावे. आठवड्याला एक संध्याकाळ मी स्वतः देण्यास तयार आहे. सभासदांनी आपापल्या पॉलिसी घेऊन यावे, आपण एकत्र बसून वाचू.



जयभीम.